मॅडम, काय बंद करू?

सकाळी 7.15

डिसेंबरात नाशिकची पहिली बातमी तापमानाची. निफाडचा पारा किती उतरला हे चहाच्या आधी कळतं. द्राक्षवाल्यांना मणी तडकण्याची धास्ती, मला गाल तडकण्याची. कोरडी थंडी पडली की आठवड्याभरात लाल, खरखरीत गालांची बाळं दवाखान्यात यायला लागतात, आणि त्याआधी त्यांचे फोटो. रात्री दोनला पाठवलेला गाल, पहाटे पाचला पाठवलेली शी. खाली एकच प्रश्न: मॅडम, काय बंद करू?

इतक्या वर्षांत बालरोगतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मी ऐकत आलेय. काय सुरू करू, असं मात्र क्वचितच कुणी विचारतं.

सकाळी 8.00

नर्सिंग होमचा राउंड. काल संध्याकाळी सिझेरियनने झालेली मुलगी, दोन किलो नऊशे, छान गुलाबी. महाराष्ट्रात आता साधारण चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा 25.4 टक्के होता. अशा बाळांना पुढे दमा-ॲलर्जीचा धोका किंचित जास्त दिसतो. जन्मवाटेतून येताना आईकडून मिळणारे जंतू त्यांना मिळत नाहीत, हे त्याचं एक कारण मानलं जातं. पण हे मी या आईला आज सांगणार नाही. तिचे टाके ओले आहेत, आणि ते सिझेरियन तिने हौसेने करून घेतलेलं नाही.

खरी घाई दुसरीच आहे. आजींनी मेडिकलमधून पावडरचा डबा मागवून ठेवलाय. "दूध येईना हिला. पोर रात्रभर रडलं." पहिल्या दिवशी दूध असं येतच नाही, चीक येतो, चमचाभर. बाळाचं पोटही तेवढंच असतं. जपानमधल्या एका प्रयोगात, 2019 साली तो प्रसिद्ध झाला, ज्यांच्या घरात ॲलर्जी आहे अशा बाळांना पहिले तीन दिवस तरी गाईच्या दुधाची पावडर टाळली, तर दुसऱ्या वर्षापर्यंत दुधाविरुद्धची संवेदनशीलता बरीच कमी आढळली. मी व्याख्यान देत नाही. खुर्ची ओढून बसते, आईच्या पाठीला उशी लावते, बाळाचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबते. वीस मिनिटं जातात. बाळ ओढायला लागतं आणि आजी डबा पिशवीत टाकतात. परत करणार नाहीत, माहितीय मला.

जाता जाता बाळाच्या वडलांना विचारते, घरात कुणाला ॲलर्जी?

"नाही हो. कुणालाच नाही."

दमा? त्वचेचं काही?

"छे. मला फक्त सकाळी उठल्यावर वीस-पंचवीस शिंका येतात. ते लहानपणापासूनच आहे."

हेच ते. आपल्याकडे शिंकांना कुणी ॲलर्जी म्हणत नाही, सवय म्हणतात. बाळाच्या धोक्यांच्या यादीत सगळ्यात वरचा धोका मात्र हाच: आई-वडलांकडून आलेली ठेवण. दोघांपैकी एकाला असेल तर शक्यता वाढते. दोघांनाही असेल तर निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांना एक्झिमा, दमा, सर्दी यांतलं काहीतरी होतं. हे कुणाला बंद करता येत नाही. फाइलवर लिहून ठेवते.

सकाळी 10.00

ओपीडी. बाहेर आज नटून आलेल्या बायका जास्त. मार्गशीर्षातला गुरुवार आहे. सिस्टरचा उपवास, मावशींचाही.

चार महिन्यांचा मुलगा. दोन्ही गाल लालभडक, मधे पिवळसर खपल्या, कोपरांच्या बाहेरच्या बाजूला आणि नडग्यांवर चट्टे. लंगोट सोडून बघितलं, तिथली त्वचा मऊ आणि स्वच्छ. एक्झिमा लंगोटाची जागा बहुतेक वेळा सोडून देतो, कारण तिथे ओलावा टिकतो आणि हात पोचत नाही. बाळ माझ्या हातातही उशीवर गाल घासायची संधी शोधतंय.

आई बारीक झालीय. काय जेवतेस विचारल्यावर ती पाठ केल्यासारखं सांगते: ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी. दूध बंद, दही बंद, गहू बंद, तूरडाळ बंद, शेंगदाणे बंद, अंडी बंद. वांगं तर बाळंतपणापासूनच बंद. कुणी सांगितलं? एक शेजारीण, एक नणंद, एक व्हिडिओ. सासूबाई शेजारी बसून मान डोलावतात. "हिच्याच खाण्यातून जातंय ना ते दुधात."

तीन महिने ही बाई उपाशी आहे आणि मुलाचे गाल आहेत तसेच आहेत. तिच्या ताटातलं आणखी काय काढायचं, एवढंच विचारायला ती आलीय.

मी ताट सोडून न्हाणीघरात शिरते. आंघोळ कशी घालता? इथे सासूबाई खुलतात. रोज तेल, मग मसुराच्या डाळीचं पीठ सायीत कालवून अंगभर चोळायचं, लव जाईपर्यंत. मग कडक पाणी. मग ओव्याची धुरी. मग वेखंडाची पावडर. गालाला जरा जास्तच चोळलं, फुटले होते म्हणून.

बाळाची त्वचा म्हणजे घराची भिंत आहे. गिलावा चांगला असेल तर पाऊस बाहेर राहतो. भेगा पडल्या की ओल आत झिरपते. काहींचा गिलावा जन्मतःच कच्चा असतो. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवलं की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असेल तर त्वचा कोरडी पडते आणि एक्झिमाचा धोका खूप वाढतो. अशा भेगाळ त्वचेतून आत शिरलेली डाळ, दूध, शेंगदाणा यांना शरीर अन्न म्हणून ओळखत नाही, घुसखोर म्हणून ओळखतं. तेच अन्न तोंडावाटे पोटात गेलं तर शरीर बहुधा त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकतं. एकच डाळ, दोन दारं, दोन निकाल.

हे पुस्तकी नाही. इंग्लंडात ब्रिस्टलच्या परिसरातल्या हजारो मुलांच्या नोंदींवरून 2003 साली दिसलं, की सुजलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेलाची मलमं लावलेल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. आईने गरोदरपणात शेंगदाणे खाल्ले की नाही, याचा संबंध तिथे सापडला नाही. जपानात तर गव्हाचं प्रथिन घातलेल्या एका फेसवॉश साबणाने दोन हजारांहून जास्त माणसांना गव्हाची ॲलर्जी जडली. आयुष्यभर नूडल्स खाल्लेल्या बायका, तोंड धुवून आजारी पडल्या.

सासूबाईंना मी हे सगळं सांगत नाही. त्यांचे हात बाळावर जीव टाकणारे आहेत, आणि माझ्याकडे परत यायचं की नाही हे त्याच ठरवणार आहेत. "आजी, मालीश चालू ठेवा. पीठ, साय, धुरी, पावडर थांबवा. पाणी कोमट. आंघोळ पाच-दहा मिनिटं. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच हे जाड मलम लावायचं. दिवसातून दोनदा, भरपूर." लाल चट्ट्यांवर सौम्य स्टिरॉइड मलम काही दिवस. स्टिरॉइड हा शब्द उच्चारला की खोलीतली हवा बदलते, त्यामुळे तो मी आधीच आणि मोठ्याने उच्चारते; नंतर मेडिकलवाल्याने सांगितला तर ट्यूब उघडलीच जात नाही.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. निरोगी बाळांना जन्मापासून मॉइश्चरायझर चोपडलं तर एक्झिमा टळेल, अशी मोठी आशा होती. 2020 साली युरोपातल्या दोन मोठ्या प्रयोगांनी ती मोडीत काढली. बिघडलेली त्वचा सावरायला मलम हवंच. पण धडधाकट बाळाला महागड्या बाटल्या लावून विमा उतरवता येत नाही.

आता ताट. दूध, गहू, डाळ, शेंगदाणे, सगळं आजपासून सुरू. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत रक्त येत असेल, वजन वाढत नसेल, तर आईचं दूध-दही काही आठवडे थांबवून बघतो. तसं इथे काही नाही. बाईचा विश्वास बसत नाही. सासूबाईंकडे बघून हळूच विचारते, "चहा? दुधाचा?"

आजच घे म्हटलं. आणि दोन घे.

सकाळी 11.40

लसीकरण. नऊ महिन्यांची मुलगी, अंडं खाल्लं की अंगावर गांध्या उठतात. गोवराची लस अंड्यातून बनते ना, मग देऊ नका म्हणतात वडील. लस कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवतात हे खरं, पण तीत अंड्याचं प्रथिन नावालाही उरत नाही. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना ती निर्धास्त देतात. दिली. अर्धा तास बाहेर बसवलं, ते माझ्यापेक्षा वडलांच्या समाधानासाठी.

दुपारी 12.30

एक बाबा रंगीत रिपोर्ट घेऊन. दोन वर्षांच्या मुलाचं 'ॲलर्जी पॅनेल', कुठल्या तरी पॅकेजमध्ये सवलतीत. दूध लाल, गहू लाल, हरभरा लाल, केळं पिवळं. पोराला सर्दी होते म्हणून तपासलं होतं. दूध पितो का? "रोज दोन कप." काही होतं? "काहीच नाही."

मग रिपोर्ट घडी घालून ठेवा. रक्तात प्रतिद्रव्य सापडणं आणि ॲलर्जी असणं यात फार अंतर आहे. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या एका पाहणीत जवळपास पाचातल्या एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्यं होती. खरी अन्नाची ॲलर्जी निघाली हजारात एक-दोघांना. म्हणजे असा रिपोर्ट घेऊन निघालो तर वाड्यातल्या दर पाचव्या पोराचं काहीतरी बंद करता येईल. आधी लक्षण, मग तपासणी. उलट्या क्रमाने केली की फायदा फक्त लॅबचा.

दुपारी 1.45

सिस्टरचा उपवासाचा डबा: साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट दिसतंय. माझ्या डब्यात भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी. हे सगळं ज्या गोष्टीशिवाय बनत नाही, तीच गोष्ट एकेकाळी अमेरिकेतल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत दाखवायचीही नव्हती. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली तसा सल्ला दिला होता, घरात ॲलर्जी असलेल्या बाळांसाठी. सल्ला तोच, बंद करा. शेंगदाण्याची ॲलर्जी मात्र वाढतच गेली. 2008 साली तो सल्ला मागे घेतला.

त्याच वर्षी लंडनमधल्या डॉ. गिडियन लॅक यांच्या गटाने एक साधी तुलना छापली. इंग्लंडमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं. वंश सारखा, पण इंग्लंडात शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट. इस्रायलमध्ये बाळं दात यायच्या आधीपासून बाम्बा नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरा चोखतात. मग त्यांनी तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची 640 बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित भरवला, निम्म्यांना पूर्ण टाळला. पाच वर्षांची झाल्यावर बघितलं: टाळलेल्यांत ॲलर्जी 17 टक्क्यांना, खाल्लेल्यांत सुमारे 3. हे 2015 सालचं. त्यानंतर अमेरिकेनेही सल्ला उलटा फिरवला आणि तिथे लहान मुलांतली शेंगदाण्याची ॲलर्जी उतरू लागल्याचं दिसतंय.

आपल्याकडे उष्टावण झाल्यावर घरातल्या आमटीचं पाणी बाळाच्या भातावर पडतं, आणि त्या आमटीत कूट असतं. कुणी संशोधन म्हणून केलं नाही, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून झालं. आता मात्र शिकल्या-सवरलेल्या घरांत वर्षभर फक्त नाचणी सत्त्व आणि तांदळाची पेज. अंडं दोन वर्षांनी, शेंगदाणा 'उष्ण' म्हणून तीन वर्षांनी. आणि मग त्याच घरात दीड वर्षाच्या पोराच्या मुठीत अख्खे दाणे देतात. ते मात्र खरंच बंद करा. पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा नको, तो श्वासनळीत अडकतो. कूट द्या.

दुपारी 3.30

पंधरवड्यातून एक दुपार गिरणाऱ्याला. गंगापूर धरणाच्या बाजूचा हा पट्टा टोमॅटोचा आणि द्राक्षांचा. एका शेतकऱ्याच्या ओट्यावर टेबल मांडतात. गोठा इतका जवळ की गाय हंबरली की स्टेथोस्कोपमध्ये तीच ऐकू येते.

इथे एक्झिमा कमी दिसतो. माझं निरीक्षण आहे, पुरावा नव्हे. पण त्याच्या जवळचा पुरावा जगात आहे. 1989 साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश डॉक्टरने मांडलं की घरात थोरली भावंडं जितकी जास्त, तितकी धाकट्याला शिंकांची ॲलर्जी कमी. 2016 साली अमेरिकेतल्या दोन शेतकरी पंथांची तुलना झाली: अमिश आणि हटराइट. मूळ दोघांचंही मध्य युरोपातलं, खाणंपिणं जवळपास सारखं. अमिश गायी-घोडे घराला लागून ठेवतात आणि पोरं गोठ्यात खेळतात. हटराइट यंत्रांनी मोठी शेती करतात, पोरं गोठ्यापासून लांब. दमा अमिश मुलांत 5 टक्के, हटराइट मुलांत 21.

म्हणून सिडकोतल्या सदनिकेत शेण आणा असं कुणी म्हणत नाही. कच्चं दूधही नको, त्यातून क्षय आणि ब्रुसेला येतात. आणि गावाची हवा शुद्ध म्हणावी तर शेजारच्या द्राक्षबागेत फवारणी चालू आहे, ब्लोअरचा आवाज इथवर येतोय. मजुरांच्या खोपटात चूल बाळाच्या झोळीपासून दोन हातांवर. या पोरांना अन्नाची ॲलर्जी नाही, पण छाती सदैव घरघरते. पेठ-सुरगाण्याकडून आलेली ही कुटुंबं हंगाम संपला की हलतात. औषध सांगावं तर पुढच्या पंधरवड्यात झोळी दुसऱ्या बांधावर. चूल हलवता येईल का विचारलं. "पावसात कुठं हलवू ताई?" पाऊस नाहीये आत्ता, पण तिचं म्हणणं मला कळलं. झोळी तेवढी दारापाशी नेऊन बांधली.

संध्याकाळी 6.15

शहरात परत. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेले, धूळ काचेवर. ओपीडीत आता छात्या.

तीन वर्षांखालच्या घरघरीला लोक लगेच बालदमा म्हणतात. बहुतेकांची ती विषाणूंची करणी असते आणि वय वाढलं की जाते. ज्याला एक्झिमा आहे, ज्याच्या आईला किंवा वडलांना दमा आहे, त्याची मात्र टिकते. म्हणून मी छातीआधी कोपराची लवण बघते.

दीड वर्षाची मुलगी, तिसऱ्यांदा. सातपूरला एक खोली. रात्री मच्छरची कॉइल, दार-खिडकी बंद करून. आज त्यावर गुरुवारचा धूप. एक कॉइल पूर्ण जळते तेव्हा जेवढे सूक्ष्म कण निघतात, ते मोजणाऱ्यांनी 75 ते 137 सिगारेटींएवढे भरवले. हे ऐकून वडील दचकतात, कारण ते सिगारेट बाहेर जाऊन ओढतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मच्छरदाणी लावा. उदबत्ती देवापुढे एक, बाळ बाहेरच्या खोलीत. खोली एकच आहे, हे लक्षात येऊन मी म्हणते, बाळ ओट्यावर.

मागच्या दवाखान्यातून लिहिलेल्या अँटिबायोटिकची अर्धी बाटली त्यांनी सोबत आणलीय. पहिल्या वर्षात वारंवार अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत दमा जास्त आढळतो. यात औषधाचा दोष किती आणि मुळातल्या छातीच्या आजाराचा किती, यावर तज्ज्ञ भांडतात. विषाणूच्या सर्दीला ती बाटली नकोच होती, यावर भांडण नाही.

संध्याकाळी 7.20

रांग तोडून एक जोडपं आत. चौदा महिन्यांचा मुलगा. हळदीकुंकवाला गेले होते, कुणीतरी प्रेमाने काजूकतलीचा तुकडा भरवला. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या, एक उलटी, आता खोकला आणि आवाज बसलेला. इथे विचार करायचा नसतो. ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. दहा किलोच्या बाळाला 0.1 मिली. परदेशात मिळतात तशी तयार पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, अँप्यूल फोडून सिरिंज भरावी लागते. सिस्टर ती ट्रे रोज सकाळी तपासते. काही मिनिटांत आवाज सुटतो, बाळ मोठ्याने रडतं. तरी रात्रभर रुग्णालयात ठेवायचं, कारण काही तासांनी पुन्हा उसळू शकतं. ॲम्ब्युलन्समध्ये घालताना आईकडून कळलं: तिसऱ्या महिन्यापासून अंगभर एक्झिमा, आणि कुणाच्या तरी सल्ल्याने वर्षभर सुका मेवा, अंडं, शेंगदाणा सगळं बंद. तीळ, काजू, बदामाचं तेल मात्र रोज अंगाला.

आई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, मी गरोदर असताना काजू फार खाल्ले का हो? नाही, म्हटलं. त्याने नाही. हेच मी ॲम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंत सांगत राहिले, कारण पुढची दहा वर्षं घरात तिलाच हे ऐकवलं जाईल.

रात्री 9.30

मेलबर्नहून भाचीचा व्हिडिओ कॉल. तिथे पहाटेचे तीन, बाळ उठलंय. पाच महिन्यांचा, गालावर थोडे चट्टे, बाकी हसतमुख. मेलबर्नमध्ये एक वर्षाच्या मुलांची मोठी पाहणी झाली होती. दहातल्या एकाहून जास्त मुलांना अन्नाची खरी ॲलर्जी निघाली. त्यातही आशियातून गेलेल्या आई-वडलांच्या, पण तिथे जन्मलेल्या मुलांत जास्त. आशियात जन्मून नंतर तिथे गेलेल्यांत कमी. रक्त तेच. ऊन, घर, पाणी, पहिले घास वेगळे. यांतलं नेमकं काय, ते अजून उलगडतंय.

शेजारी माझी बहीण बसलीय, पुढच्या महिन्यात नातवाकडे निघालेली. तिचा प्रश्न: गुटीचा डबा नेऊ का? वेखंड, मुरडशिंग, जायफळ, हळकुंड, खारीक, बदाम, सगळं आहे. गंमत अशी, की सहाणेवर रोज बदामाचे दोन वेढे उगाळून चाटवणं म्हणजे आपल्या आज्यांनी नकळत केलेला डॉ. लॅक यांचा प्रयोगच म्हणायचा. पण सहाण किती स्वच्छ, वेखंड किती गेलं, याचा भरवसा नाही. वेखंड जास्त गेलं की बाळं ओकतात आणि गुंगतात. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर ती मुळं-बिया दाखवाव्या लागतील आणि बहुधा तिथेच राहतील. "राहू दे डबा. कुंची ने."

भाचीने शेंगदाण्याच्या बटरची बरणी आणून ठेवलीय, झाकण उघडायचा धीर होत नाही. तिथल्या डॉक्टरांनी गाल बघितले? बघितले, सौम्य आहेत, सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू कर म्हणाले. मग कर. मान धरलीय, घास बघून तोंड उघडतोय. रात्री नाही, सकाळी. बाळ बरं असताना, घरात दोघं असताना. पाव चमचा कोमट पाण्यात पातळ करून, आधी बोटाच्या टोकावर, मग थांबून उरलेलं. गालाला फासलं जाऊ देऊ नकोस. दोन तास लक्ष ठेव. काही झालं नाही तर आठवड्यातून दोन-तीनदा, न चुकता; एकदा देऊन सोडून दिलं तर उपयोग नाही.

"शनिवारी करते, हा घरी असतो. सकाळी दहाला. मावशी, तू फोन चालू ठेवशील?"

त्यांचे दहा म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. गजर लावला.